लाउडस्पीकर, चुंबक आणि गाणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणेशोत्सव मंडळं, भजनी मंडळं, गायनाचे क्लास, शाळांमधले विज्ञान शिक्षक आणि घरी जुना डेक जपून ठेवणारे श्रोते यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला मूळ गोष्टी, मग खोकं, वॅट आणि ओहम, मग संगीत आणि शेवटी अडचणीचे प्रश्न. एकाच गोष्टीची उत्तरं दोनदा यायला नकोत म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. एक गोष्ट मात्र बहुतेक उत्तरांत येईल: वीज आणि चुंबक आपलं काम फार इमानाने करतात. गाणं बिघडतं ते बहुतेक वेळा त्याच्या पुढे, स्पीकरचा कागदी कोन हवेला भिडतो तिथे.

१. स्पीकरला वीज देतो आणि आवाज येतो. मधे नेमकं काय घडतं?

तारेतून वीज वाहू लागली की तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. कोपनहेगनमध्ये हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड यांनी १८२० मध्ये तारेजवळ ठेवलेल्या होकायंत्राची सुई वळलेली पाहिली आणि वीज व चुंबक यांचं नातं उघड झालं. अशी वीज वाहणारी तार दुसऱ्या चुंबकाच्या क्षेत्रात धरली तर तारेवर जोर येतो. वीज उलट्या दिशेने वाहू लागली की जोरही उलटा होतो. स्पीकर याच दोन वाक्यांवर चालतो.

स्पीकरच्या पाठीला जो जड गोल चुंबक असतो, त्याचं क्षेत्र लोखंडी भागांच्या मदतीने एका अरुंद गोल फटीत एकवटलेलं असतं. त्या फटीत एका हलक्या नळीवर गुंडाळलेली बारीक तार असते, ती व्हॉइस कॉइल. ती कुठेही घासत नाही. नळी कोनाला चिकटवलेली असते, कोनाची बाहेरची कड सराउंड नावाच्या लवचीक पट्टीने आणि आतली बाजू स्पायडर नावाच्या चुण्यांच्या कापडाने फ्रेमला धरलेली असते. अ‍ॅम्प्लिफायरमधून येणारी वीज स्वराबरोबर दिशा बदलते, तसा कोन पुढे-मागे होतो आणि समोरची हवा दाबली-सोडली जाते. गायकाने काळी एकचा षड्ज लावला असेल तर हे सेकंदाला सुमारे १३९ वेळा घडतं, आणि त्याच वेळी त्याच कोनावर त्या स्वराचे सगळे उपस्वर (त्याच्या पटीतले वरचे स्वर), तबला, पेटी यांचीही हालचाल स्वार असते.

२. एवढासा कागदी कोन, त्याच्यावर जोर तरी किती येतो?

फटीतलं क्षेत्र, तारेची लांबी आणि वीज यांचा गुणाकार केला की जोर मिळतो. फटीत १ टेस्ला क्षेत्र, कॉइलमध्ये ६ मीटर तार आणि १ अँपिअर वीज धरा. जोर ६ न्यूटन येतो, म्हणजे साधारण ६०० ग्रॅम वजनाइतका. सहा इंची वूफरचा (खर्जाच्या स्पीकरचा) कोन आणि कॉइल मिळून १५ ग्रॅमच्या आसपास भरतात. त्यामुळे कोनाला मिळणारा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या चाळीस पट असू शकतो.

मग आवाज इतका कमी का? कारण हवा फार हलकी आहे आणि कोनाला तिच्यावर नीट पकड मिळत नाही. घरातला नेहमीचा स्पीकर मिळालेल्या विजेपैकी जेमतेम १ टक्का आवाजात बदलतो. बाकी सगळी कॉइलमध्ये उष्णता होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, प्रश्न १५ आणि १६ तिच्यामुळेच आले आहेत.

३. लाउडस्पीकर शोधला कोणी?

एकाचं नाव सांगता येत नाही. वेर्नर फॉन सीमेन्स यांनी १८७४ मध्येच चुंबकीय क्षेत्रात हलणाऱ्या कॉइलचं पेटंट घेतलं, पण त्यातून ऐकण्याजोगा आवाज काढला नाही. ऑलिव्हर लॉज यांनी १८९८ मध्ये इंग्लंडमध्ये हलत्या कॉइलच्या स्पीकरचं पेटंट घेतलं. तेव्हा अ‍ॅम्प्लिफायरच नव्हता, त्यामुळे ती कल्पना कागदावर राहिली. कॅलिफोर्नियात नापा इथे पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडॅम यांनी कॉइलला भोंगा जोडला आणि १९१५ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनासमोर जमलेल्या गर्दीला तो ऐकवला. १९१९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन सॅन दिएगोमध्ये असाच लाउडस्पीकर लावून बोलले.

आज आपण ज्याला स्पीकर म्हणतो तो मात्र जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांचा. १९२५ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की कोन सैल टांगून त्याचा स्वतःचा नैसर्गिक स्वर खूप खाली नेला आणि त्याला फळीत बसवलं, तर वरच्या मोठ्या पट्ट्यात तो सगळ्या स्वरांना जवळपास सारखा न्याय देतो. माझ्या मते खरा शोध हा. वीज-चुंबकाचं गणित शंभर वर्षं आधीपासून माहीत होतं, हवेचं गणित या दोघांनी सोडवलं.

४. स्पीकरचा माइक करता येतो का?

येतो. कॉइल चुंबकाच्या क्षेत्रात हलवली की तिच्यात वीज निर्माण होते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये हा नियम शोधला. स्टेजवरचा साधा डायनॅमिक माइक म्हणजे रचनेने छोटा स्पीकरच. बऱ्याच जुन्या इंटरकॉममध्ये एकच स्पीकर बोलायला आणि ऐकायला वापरलेला असायचा.

घरी करून पाहायचं असेल तर सुट्या वूफरचा कोन बोटांनी हलकेच आत दाबा. मग दोन्ही टर्मिनल तारेच्या तुकड्याने जोडा आणि पुन्हा दाबा. आता कोन जडावलेला लागेल, कारण तुमच्याच हालचालीने कॉइलमध्ये तयार झालेली वीज त्या हालचालीला विरोध करते. चांगला अ‍ॅम्प्लिफायर वूफरला असाच लगाम घालतो आणि डग्ग्याचा घुमारा संपायला हवा तिथे संपतो.

५. स्पीकर खोक्यातून काढला की पोकळ का वाजतो?

कोन पुढे गेला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी पाठीमागची विरळ होते. खर्जाच्या स्वरांची तरंगलांबी खूप मोठी असते, ५० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांना, जवळपास ७ मीटर. त्यामुळे पुढचा दाब कडेवरून वळून मागची उणीव भरून काढतो आणि दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. वरच्या स्वरांच्या बाबतीत हे फारसं घडत नाही, म्हणून नुसता स्पीकर पातळ, कागदी वाजतो. खोकं पाठीमागची लाट अडवतं.

बंद खोक्यातली हवा स्प्रिंगसारखी वागते. एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये याच हवेच्या स्प्रिंगवर भिस्त ठेवून छोट्या खोक्यातून खोल खर्ज काढला. खोक्याला भोक असेल तर भोकातली हवा आणि खोक्यातली हवा मिळून एका ठराविक स्वरावर घुमतात आणि खर्जाला आधार देतात. पण त्या स्वराच्या खाली हा आधार सुटतो. खोक्याचं माप आणि स्पीकर यांचा मेळ गणिताने कसा घालायचा, हे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी मांडलं. मापात न बसणारं खोकं म्हणजे एकच स्वर सतत ‘बुम्’ करणारं खोकं. सुताराला अंदाजाने सांगून केलेल्या खोक्यांतून तेच ऐकू येतं.

६. एकाच स्पीकरने भागत नाही का? वूफर, ट्वीटर वेगळे कशाला?

तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर कोनाला चौपट हलावं लागतं. १००० हर्ट्झला कोन जितका हलतो त्याच्या चारशे पट ५० हर्ट्झला हलायला हवा. त्यासाठी मोठा, लांब पल्ल्याचा कोन लागतो. पण मोठा कोन वरच्या स्वरांना जड पडतो आणि त्या स्वरांची तरंगलांबी कोनाहून लहान झाली की आवाज टॉर्चच्या झोतासारखा फक्त समोर जातो. १०,००० हर्ट्झची तरंगलांबी साडेतीन सेंटिमीटरही नसते. म्हणून वरचं काम एक इंची ट्वीटरकडे. दोघांत स्वरांची वाटणी करणारा तो क्रॉसओव्हर.

७. आमचा भोंगा वेशीपर्यंत ऐकू जातो. मग त्यावर अभंग चिरका का लागतो?

प्रश्न २ मध्ये म्हटलेली अडचण, म्हणजे हवेवर पकड न मिळणं, भोंगा छान सोडवतो. अरुंद गळ्यातल्या हवेवर छोट्या पडद्याला चांगला जोर लावता येतो आणि हळूहळू रुंदावत जाणारी नळी तो जोर बाहेरच्या मोकळ्या हवेपर्यंत पोचवते. म्हणून भोंग्याची कार्यक्षमता १० टक्क्यांच्या पुढेही जाते.

पण भोंग्याचं तोंड तरंगलांबीच्या मानाने पुरेसं मोठं असेल तरच हे घडतं. खांबावर बांधलेल्या भोंग्याचं तोंड काही शे हर्ट्झच्या खाली निकामी होतं. बोलणं समजायला लागणारे व्यंजनांचे आवाज त्याच्या वर असतात, म्हणून ‘हरवलेल्या मुलाचे पालक’ स्पष्ट ऐकू येतं. मृदंगाचं डावं अंग, टाळांमागचा गायकांचा खर्ज, एकतारीचा भरीव स्वर हे सगळं मात्र त्या मर्यादेखाली राहतं. वरून पत्र्याचा आपला आवाज मिसळतो. घोषणांसाठी भोंगा, भजनासाठी खोक्याचे स्पीकर, अशी वाटणी करा.

८. जास्त वॅट म्हणजे जास्त मोठा आवाज ना? आणि खोक्यावर छापलेलं पीएमपीओ काय?

वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे एक वॅटला एक मीटरवर किती डेसिबल, हा आकडा वॅटइतकाच महत्त्वाचा आहे. ८६ डेसिबलचा १०० वॅटवर जितका वाजेल तितकाच ९६ डेसिबलचा १० वॅटवर वाजेल.

पीएमपीओचा आकडा विसरून जा. तो क्षणभराच्या काल्पनिक शिखराचा असतो आणि कोणी कसा मोजावा याला बंधन नाही. आरएमएस, म्हणजे सतत झेपणारे वॅट विचारा.

९. स्पीकरवर ८ ओहम लिहिलंय, मीटर ६ दाखवतो. स्पीकर खराब आहे का?

नाही. मीटर फक्त तारेचा साधा रोध मोजतो. गाण्याच्या विजेला होणारा विरोध स्वरागणिक बदलतो, आणि ८ हा त्याचा सांकेतिक आकडा आहे. कोनाच्या नैसर्गिक स्वराजवळ तर हा विरोध ३० ओहमच्याही वर जातो, कारण तिथे कोन सहज हलतो आणि त्याची स्वतःची वीज (प्रश्न ४) येणाऱ्या विजेला अडवते.

मंडळांसाठी महत्त्वाचं: आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात, चार जोडले की २. अ‍ॅम्पच्या पाठीवर लिहिलेल्या किमान ओहमच्या खाली जाऊ नका. आणि लांब पल्ल्याला बारीक वायर नको. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेने दहा मीटरवर जाता-येता पाव ओहमही वाया जात नाही. तेवढं पुरेसं आहे, त्याहून महाग केबलवर पैसे घालू नका.

१०. मोबाइलच्या स्पीकरवर तानपुऱ्याचा खरज ऐकू येतो. पण तो स्पीकर खर्ज वाजवूच शकत नाही म्हणतात. मग मी ऐकतो ते काय?

सगळ्यात आवडता प्रश्न. काळी एकच्या तानपुऱ्याचा खरज साधारण ६९ हर्ट्झचा. मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरमधून तो खरोखरच बाहेर पडत नाही. पण तार कधीच एका स्वरात बोलत नाही. ६९ च्या पटीतले उपस्वर, म्हणजे १३९, २०८, २७७ आणि पुढचे कितीतरी, बरोबर येतात. तानपुऱ्यात जवारीच्या घोडीमुळे ते विलक्षण बळकट असतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी तानपुरा आणि वीणेच्या घोडीवर १९२१ च्या सुमारास लिहिलं, त्याच्या आधी १९२० मध्ये मृदंग-तबल्याच्या शाईने चामड्याचे स्वर कसे सुरेल पटींत येतात हेही दाखवलं. मोबाइल वरचे उपस्वर ऐकवतो, त्यांच्यातलं अंतर ६९ हर्ट्झ असतं, आणि मेंदू न आलेला खरज स्वतः उभा करतो.

म्हणून मोबाइलवर राग कळतो, सूर कळतो. कळत नाही तो खरजाचा अंगाला जाणवणारा भार. रियाजासाठी मोबाइलचा तानपुरा लावणाऱ्यांना सांगणं एवढंच: स्वर लावायला तो चालेल, पण त्यात बुडून जायचं असेल तर निदान पाच-सहा इंची वूफर असलेला स्पीकर जोडा. छोटे ब्लूटूथ स्पीकर हळू आवाजात खर्ज छान देतात आणि आवाज वाढवला की तोच गुपचूप कापतात, नाहीतर कोन आपल्या पल्ल्याबाहेर जाईल. म्हणून तानपुरा त्यावर हळूच लावा.

११. लाउडस्पीकर आल्यामुळे गाणं खरंच बदललं का?

मुळापासून बदललं. १९२१ मध्ये मुंबईत केशवराव भोसले आणि बालगंधर्व टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ करायला एका रंगमंचावर आले, तेव्हा त्यांच्या आणि प्रेक्षकांच्या मधे कोणतंही यंत्र नव्हतं. शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं ते गळ्याच्या जोरावर. अशा गाण्यात आवाजाची फेक, उंच पट्टी आणि खणखणीत उच्चार यांना किंमत असते, कारण तेच पोचतं. ध्वनिमुद्रणाचंही तसंच होतं. १९२५ पर्यंत गायक भोंग्यात तोंड घालून गात आणि त्या आवाजाच्याच ताकदीवर तबकडीवरची सुई हले. त्या वर्षी विजेवरचं मुद्रण आलं, आणि राइस-केलॉग यांचा स्पीकरही तेव्हाचाच. माइक आणि स्पीकर असे हातात हात घालून आले.

मग हळू गाणं शक्य झालं. अमेरिकेत बिंग क्रॉस्बीसारखे गायक कानाशी बोलल्यासारखे गाऊ लागले. आपल्याकडे १९३० च्या दशकात रेकॉर्ड आणि रेडिओबरोबर भावगीत रुजलं. शब्द हळुवार म्हणायचे, श्वास ऐकू आला तरी चालेल, कुजबुज हाही भाव, हे नाटकगृहाच्या शेवटच्या रांगेसाठी गाणाऱ्याला जमण्यासारखं नव्हतं. चित्रपटातलं पार्श्वगायन त्याच वाटेने पुढे गेलं.

रागसंगीतात बदल दुहेरी आहे. पुण्यात १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव होतो आहे, तिथे मांडवात बसलेल्या हजारो लोकांना विलंबित ख्यालातली मींड ऐकू येते ती स्पीकरमुळेच. संतूर, रुद्रवीणा, मोठी बासरी यांच्यासारखी मुळात मृदू वाद्यं मोठ्या सभागृहात उभी राहू शकली. पण दुसरी बाजूही आहे. दोन माणसांनी तानपुरे छेडत गायकाला स्वरांच्या मधोमध बसवायचं, ही जुनी व्यवस्था आता अनेकदा मॉनिटरच्या, म्हणजे गायक-वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरच्या मागे दडते. तबला उगाच मोठा होतो, मग गायक मॉनिटर वाढवायला सांगतो, मग तबलजी. मला यात स्पीकरचा दोष दिसत नाही. ज्याच्या हातात फेडर (आवाज कमी-जास्त करण्याची सरकपट्टी) आहे त्याला तानपुरा ऐकू येतो का, एवढाच प्रश्न आहे.

१२. स्पीकर स्वतःच वाद्य झालाय असं म्हणतात, ते कसं?

इलेक्ट्रिक गिटारचा स्पीकर आवाज जसाच्या तसा देत नाही, आणि द्यावा अशी अपेक्षाही नसते. जाड कोन वरचे स्वर साधारण ५००० हर्ट्झनंतर गाळतो आणि त्यामुळे अ‍ॅम्पमध्ये मुद्दाम चिरडलेला स्वर कानाला गोड लागतो. १९६४ मध्ये किंक्स या इंग्लिश बँडच्या डेव्ह डेव्हीस यांनी ब्लेडने अ‍ॅम्पच्या स्पीकरचा कोनच कापला आणि त्या फाटलेल्या आवाजात गाणं मुद्रित केलं. हॅमंड ऑर्गनबरोबर वाजणाऱ्या लेस्ली स्पीकरमध्ये भोंगा गरगर फिरतो. तो जवळ येताना स्वर किंचित चढतो, लांब जाताना उतरतो. 

१३. आमच्या घरच्या बैठकीला लाउडस्पीकर लावायचा का?

पन्नास-साठ माणसं आणि एक दिवाणखाना असेल तर नको. लावायचाच झाला तर हे पाळा.

आधी यंत्र बंद ठेवून पाच मिनिटं गाणं ऐका. मग स्पीकर इतकाच वाढवा की मागच्या रांगेला शब्द कळतील आणि पुढच्या रांगेला स्पीकर आहे हे जाणवणार नाही. स्टेजवर खरा तानपुरा ठेवा आणि त्याला स्वतंत्र माइक द्या. गायकाच्या माइकचा ८० हर्ट्झखालचा भाग कापला तरी चालतो, पण डग्ग्याच्या आणि तानपुऱ्याच्या माइकला ती कात्री लावू नका. माइक ओठांना चिकटवू नका, कारण एका दिशेने ऐकणारे माइक जवळ आले की खर्ज फुगवतात.

मोकळ्या मैदानात मागे जादा स्पीकर उभे केले असतील तर त्यांना विलंब द्यायलाच हवा. वीज तारेतून क्षणात पोचते, आवाज सेकंदाला ३४३ मीटरनेच जातो. ३४ मीटर मागे उभा असलेला स्पीकर स्टेजच्या आवाजाआधी एक दशांश सेकंद बोलतो, आणि द्रुत लयीत तबला दोनदा ऐकू येतो.

१४. माइक चालू केला की शिट्टी का वाजते?

स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, वाढून पुन्हा स्पीकरमधून येतो, पुन्हा माइकमध्ये. एका फेरीत आवाज जराही वाढत असेल तर तो वाढतच जातो. ज्या स्वरावर खोली, माइक आणि स्पीकर मिळून सर्वांत जास्त साथ देतात त्या स्वराची शिट्टी वाजते. स्पीकर माइकच्या पुढे ठेवा, मॉनिटर माइकच्या पाठीला ठेवा, न वापरलेले माइक बंद करा आणि गायकाला माइकजवळ आणा. ईक्वलायझरवर तो स्वर थोडा खाली ओढणं हा शेवटचा उपाय. तोच सगळ्यात आधी करणारे लोक संध्याकाळच्या शेवटी गाण्यातला अर्धा पोत कापून बसतात.

१५. शंभर वॅटचा स्पीकर चाळीस वॅटच्या अ‍ॅम्पवर जळाला. हे कसं शक्य आहे?

अ‍ॅम्पला त्याच्या ताकदीपलीकडे ढकललं की लाटेची शिखरं कापली जातात आणि गोल लाट चौकोनी होऊ लागते. पूर्ण चौकोनी लाटेत तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट वॅट असतात. म्हणजे चाळीसचा अ‍ॅम्प ऐंशीच्या जवळ जातो, आणि तेही सतत. वर चौकोनी लाटेत वरचे उपस्वर भरपूर असतात, ते थेट ट्वीटरच्या केसाएवढ्या तारेत जातात. आवाज खरखरला की व्हॉल्यूम कमी करा, लगेच.

१६. कार्यक्रम तासभर चालला की आवाज बसल्यासारखा वाटतो. कान थकतात की स्पीकर?

दोन्ही थकतात, पण स्पीकरचा थकवा मोजता येतो. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला ०.३९ टक्क्याने वाढतो. कॉइल १०० अंशांनी तापली तर रोध ३९ टक्क्यांनी वाढतो, वीज त्या मानाने कमी जाते आणि आवाज सुमारे ३ डेसिबलने उतरतो. साउंडवाला फेडर वाढवतो, कॉइल आणखी तापते. सुरुवातीच्या आलापाला मोकळे वाटणारे स्पीकर शेवटच्या द्रुतला दबलेले वाटतात त्याचं एक कारण हे. इलाज म्हणजे स्पीकर कमी जोराने वाजवायचे आणि गरज असेल तर एक जोडी जास्त लावायची.

१७. दोन्ही स्पीकर वाजतात, पण डग्गा गायब. का?

एका स्पीकरच्या तारा उलट्या जोडल्या आहेत. एक कोन पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि खर्ज एकमेकांत विरतो, प्रश्न ५ सारखाच. दीड व्होल्टचा सेल वूफरला क्षणभर लावून पाहा: धन टोक लाल टर्मिनलला लागलं की कोन बाहेर यायला हवा. ट्वीटरवर ही चाचणी करू नका.

१८. जुन्या स्पीकरचा मॅग्नेट उतरतो का?

फेराइटचा चुंबक कित्येक दशकं टिकतो. दुकानदार ‘मॅग्नेट उतरला’ म्हणतो तेव्हा बहुधा कॉइल घासत असते किंवा फोमचा सराउंड कुजलेला असतो. कोकणातल्या दमट हवेत तर तो आणखी लवकर कुजतो. चांगल्या स्पीकरला नवा सराउंड किंवा कोन बसवता येतो, फेकू नका. निओडिमियमचे चुंबक छोटे आणि जोरदार, पण फार तापले तर कमजोर होऊ शकतात. जुन्या अल्निको चुंबकाला लोखंडी भागांतून सुटा करू नका, त्याने तो खरंच उतरतो. स्पीकर आणि जुना डबा टीव्ही मात्र एकमेकांपासून लांब ठेवा, पडद्यावर रंगीत डाग पडतात.

१९. सगळ्या स्पीकरमध्ये चुंबक असतोच का?

नाही. इंग्लंडमध्ये पीटर वॉकर यांचा १९५७ चा क्वाड स्पीकर दोन जाळ्यांमधल्या पातळ पडद्याला उच्च विद्युतदाबाने ओढतो, त्यात चुंबक नाही. सुसंगत, स्वच्छ आवाज, पण खोल खर्जाला कमी. वाढदिवसाच्या कार्डात गाणारा चकतीचा स्पीकर पिझो जातीचा, त्यात विजेने चकतीच वाकते. बाकी जवळपास सगळे, मोठ्या हेडफोनसकट, कॉइल आणि चुंबकाचेच.

२०. मिरवणुकीतली डीजेची भिंत छातीत का घुमते? आणि मीटर ८५ दाखवतो, मग काच कशी थरथरते?

वीस-वीस वूफर एका भिंतीत लावले की ते मिळून एका प्रचंड कोनासारखे वागतात आणि खर्जाला अखेर हवेवर पकड मिळते. त्या लाटांची तरंगलांबी घरांच्या भिंतींहून मोठी असते, त्या सहज वळतात आणि आरपार जातात. छाती, खिडक्या, पत्रे त्यांच्याबरोबर हलतात.

मीटरचं कोडं असं की गोंगाट बहुधा ‘ए’ मापाने मोजतात, आणि ते माप कानाच्या हळव्या पट्ट्याला झुकतं असल्यामुळे ५० हर्ट्झचा आवाज ३० डेसिबल कमी धरतं. त्यामुळे मीटरवर ८५ आणि हवेत खर्जाचे ११० असं होऊ शकतं. मंडळांनी ‘सी’ मापावरही एकदा मोजून पाहावं.

नियम स्पष्ट आहेत. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सणांसाठी रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०.

कानाचा हिशेब वेगळा ठेवा. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या जागेची प्रचलित सुरक्षित मर्यादा, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ८८ ला चार तास, ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. ढोलपथकातल्या मुलामुलींनी आणि भिंतीजवळ चालणाऱ्या कार्यकर्त्यांनी इअरप्लग घालावेत. कानाच्या आतल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मिरवणुकीनंतर कानात शिट्टी वाजत राहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही थांबली नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे त्याच दिवशी जा.